शेलारसाहेबांचा आडवा हात

जर्मनीत येऊन मनोरमाबाईंना जेमतेम महिना झाला होता, पण तेवढ्यात त्या देशाबद्दलचं त्यांचं मत तयार होऊन, वाळून, कडकही झालं होतं. रस्ते स्वच्छ, दूध दाट, माणसं शब्दाला जागणारी; फक्त वस्तू कुठे ठेवावी याची अक्कल एकालाही नाही. सगळ्यांची सगळी चीजवस्तू तळघरात. त्याला केलर म्हणायचं. लेकाचं घर फ्रँकफर्टमध्ये चौथ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही, आणि केलर जमिनीच्याही खाली. घर लहान म्हणून यशोधनने आईची मोठी बॅग केलरमध्ये नेऊन ठेवली. शाल त्या बॅगेत. खलबत्ता केलरमध्ये, कारण रविवारी कुटलं की खालच्या मजल्यावरची बाई दार ठोठावते. लोणच्याची बरणीही केलरमध्ये, तिथे गार असतं म्हणून. म्हणजे जे हवं ते नेमकं खाली आणि जे नको ते डोळ्यांसमोर. या घरात माणसं राहतात की जिने, असं त्यांचं लेकाला विचारून झालं होतं. लेक हसला होता. हसायला त्याचं काय जात होतं, गुडघे त्याचे नव्हते.

बाई मिरजेच्या. चौथीनंतर शाळेने त्यांना सोडलं की त्यांनी शाळेला, याबद्दल माहेरी दोन मतं होती. त्यांचं स्वतःचं मत दुसरं. पुढे मोठ्या घरात पडल्या, ते घर त्यांनी जिभेच्या जोरावर चालवलं, आणि त्यांच्या पंक्तीतून कुणी अर्धपोटी उठल्याचं कुणाला आठवत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीचा त्यांना जो ताठा होता तो चार शिकलेल्या माणसांना पुरला असता.

सून ईप्सिता. हे नाव उच्चारताना पहिल्या वर्षी बाईंची जीभ दर वेळी ठेचकाळायची, म्हणून त्यांनी तिला इप्सू करून टाकलं होतं. पुण्याची पोर, संगणकाची इंजिनिअर, आणि स्वभावाने इतकी मऊ की तिच्याशी भांडण काढायचं तर बाईंना दोन्ही बाजू स्वतःच लढवाव्या लागत. लग्न होऊन इथे आल्यावर दोन वर्षं तिने घरात बसून जर्मन भाषा घोटली, अर्जांमागून अर्ज केले, आणि आता कुठे तिला एश्बोर्नच्या एका कंपनीत नोकरी लागली होती. पण नोकरी अजून प्रोबेत्साइटमध्ये होती. म्हणजे पहिले काही महिने साहेबाला पसंत पडलं तर ठीक, नाहीतर पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. हा शब्द घरात सुतकासारखा पाळला जायचा. प्रोबेत्साइट आहे म्हणून सुट्टी मागायची नाही, प्रोबेत्साइट आहे म्हणून सर्दी झाली तरी जायचं. बाईंना वाटे, यापेक्षा आमच्या वेळचा सासुरवास बरा. निदान त्यात कुणी काढून टाकत नव्हतं.

तर ही इप्सू एक दिवस कामावरून आली ती जेवायलाच बसेना. फोनवर कुणाशी तरी बोलत राहिली आणि बाईंच्या कानावर सारखा एकच सूर पडत राहिला, होस्टची मेमरी भरली, होस्टची मेमरी भरली. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, होस्ट म्हणजे कोण गं. सून म्हणाली, यजमान. बाईंनी वळून यशोधनकडे पाहिलं. तो पाय पसरून चिवडा खात होता.

"मग त्यात नवीन काय?" त्या म्हणाल्या. "याची मेमरी लहानपणापासून अशीच. शाळेत दप्तर विसरून यायचा."

इप्सूला हसायचं होतं पण हसण्याऐवजी तिच्या डोळ्यांनाच पाणी आलं. तेव्हा मात्र बाईंनी चिवड्याचा डबा बंद केला, तिला समोर बसवलं आणि सगळं नीट सांगायला लावलं. काय ते माझ्या भाषेत सांग, मला समजलं नाही तर चूक तुझी, असं आधीच बजावलं.

सुनेने सांगितलं ते असं. ऑफिसच्या एका थंडगार खोलीत एक भलं मोठं मशीन आहे. त्याच्या पोटात पुष्कळ मशीनं राहतात, पण ती खरी नव्हेत, नुसती मानलेली. प्रत्येकाला वाटतं की हे अख्खं घर आपलंच. मोठं मशीन तो यजमान, आतली ती पाहुणे. एकेक पाहुणा म्हणजे एकेका गिऱ्हाइकाच्या धंद्याचा सगळा कारभार. मेमरी म्हणजे हाताशी असलेली जागा, बैठकीची खोली म्हणा. पाहुणे आपलं सामान तिथे पसरून काम करतात. जागा पुरेनाशी झाली की यजमान त्यांचं सामान उचलतो आणि डिस्कवर नेऊन टाकतो. त्याला स्वॅप म्हणतात.

"केलर," बाई म्हणाल्या.

इप्सू थबकली. मग म्हणाली, अगदी तेच. आणि केलरमधून वस्तू परत वर आणायला इतका वेळ लागतो की पाहुण्याचं काम ठप्प होतं. गिऱ्हाईक बटण दाबून बसून राहतं. यावर बाईंनी नुसती मान हलवली, कारण त्या त्याच दुपारी शालीसाठी चार मजले उतरून चढल्या होत्या आणि या विषयात त्यांना आणखी काही शिकण्याची गरज नव्हती.

पण खरं दुखणं पुढेच होतं. नवे पाहुणे उभे केले होते इप्सूने. ते मंद चालतात म्हटल्यावर तिने साहेबाला सांगितलं की यजमानाला जागा कमी पडतेय, आणखी मेमरी बसवू या. साहेबाने बसवली, पहिल्यापेक्षा दुप्पट. आणि पाहुणे होते तस्से मंद. यजमानाकडे आता खोल्याच्या खोल्या रिकाम्या, तरी पाहुण्यांचं सामान केलरमध्येच. साहेब म्हणाला, याचा अर्थ जागेत दोष नाही, पाहुणे नीट उभे केलेले नाहीत. म्हणजे दोष इप्सूचा. येत्या आठवड्यात मोठं गिऱ्हाईक येऊन सगळं तपासून घेणार होतं. तोवर हे सुटलं नाही तर प्रोबेत्साइटचं काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साहेबाचं नाव त्सेलर, इथल्या रीतीने हेर त्सेलर. बाईंनी ते एकदा ऐकलं, तोंडात घोळवलं आणि म्हणाल्या, शेलार. आपल्याकडचंच की नाव. तेव्हापासून त्या घरात त्याला दुसरं नाव उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेलारांनी आणखी एक शहाणपणा केला. इप्सूने घरी येऊन सांगितलं तेव्हा बाईंना तिच्याकडून दोनदा समजून घ्यावं लागलं, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वासच बसला नाही. प्रत्येक पाहुण्याच्या खोलीत म्हणे एक फुगा ठेवलेला असतो. यजमानाला जागा हवी झाली की तो फुगा फुगवतो. खोली दाटली की पाहुणा स्वतःच आवरतो, बिनकामाचं गाठोडं स्वतःच्या पेटीत टाकतो, कामाचं हाताशी ठेवतो. शेलारांना पडद्यावर सगळीकडे फुगलेले फुगे दिसले, आणि त्यांना वाटलं की जागा हेच फुगे खातायत. त्यांनी हुकूम काढला, फुगे काढा. इप्सू हळूच म्हणाली होती की फुगे गेले तर यजमान डोळे मिटून उचलेल, त्याला पाहुण्याचं कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते कळत नाही. शेलार म्हणाले गेनाऊ, म्हणजे बरोब्बर, आणि तरीही फुगे काढले.

व्हायचं तेच झालं. आता यजमान मिळेल ते उचलून खाली टाकत होता.

"म्हणजे माझा चष्मा केलरमध्ये आणि जुन्या बांगड्यांचे तुकडे गादीवर," बाई म्हणाल्या. "मग तू काय बोललीस त्याला?"

काही नाही, इप्सू म्हणाली. साहेब आहेत, त्यांच्यापुढे किती बोलणार.

बाईंना तिचा राग आला, आणि आपलाही थोडा आला, कारण मोठ्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही, मोठ्यांच्या बोलण्यात खोट काढायची नाही, हे धडे या घरात कुणी घालून दिले होते ते त्यांना ठाऊक होतं. त्यांचा मिसळणाचा डबा मिरजेहून इथवर आला होता आणि सुनेने तो अजून एकदाही उघडला नव्हता. पण डब्याची गोष्ट वेगळी, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि तो विषय संपवला.

शुक्रवारी रुळांच्या कामामुळे एस-बान, म्हणजे इथली लोकल, बंद होती आणि शेलार इप्सूला आपल्या गाडीतून घरी सोडायला आले. बाई बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होत्या. खाली सून उतरताना दिसली, पाठोपाठ खिडकीतून एक टक्कल दिसलं. हाच तो. बाईंनी तांब्या खाली ठेवला, कठड्याला रेलल्या आणि महिनाभरात जमवलेली सगळी जर्मन एका दमात खर्च केली.

"शेलारसाहेब. झोंटाग. एस्सेन. इथे."

म्हणजे रविवारी, जेवायला. शब्द नीट पोचावेत म्हणून त्यांनी हाताने घासही करून दाखवला. इप्सूने मान वर करून पाहिलं, तिचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. पण तो माणूस गाडीतून उतरला, वर बघून गंभीरपणे त्याने किती वाजता असं विचारलं, इप्सूने यांत्रिकपणे बारा म्हणून सांगितलं आणि तो बरं म्हणून निघून गेला. निमंत्रण देऊन झालं होतं, घेऊन झालं होतं, आता ते ब्रह्मदेवालाही मोडता येणार नव्हतं.

यशोधन घरी आल्यावर त्याने डोक्याला हात लावला. इथे असं बोलवत नाहीत, साहेबाला तर नाहीच, तो समजेल आपण लाच देतोय. बाईंनी त्याला बोलू दिलं आणि मग शांतपणे म्हणाल्या की ज्याच्या हाताखाली माझी सून राबते तो माणूस जेवतो कसा हे मला बघायचंय. ताटावर बसला की माणूस कळतो, खुर्चीवर बसलेला कुणालाच कळत नाही. आणि मग त्यांनी त्याला खलबत्ता आणायला केलरमध्ये पिटाळलं, कारण शनिवारी कुटलेलं चालत होतं.

रविवारी मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पुऱ्या आणि श्रीखंड. श्रीखंडाबाबत बाईंना या देशाबद्दल मनापासून आदर होता. इथे क्वार्क नावाचा घट्ट दह्याचा प्रकार डब्यातच तयार मिळायचा. फडकं नको, टांगणं नको. केशर आणि वेलची त्यांनी मिरजेहून आणली होती, आणि ती केलरमध्ये जाऊ दिली नव्हती. उशीखाली ठेवली होती.

बाराला दोन-चार मिनिटं असताना यशोधनने खिडकीतून पाहिलं तर शेलार खाली गाडीत नुसते बसून होते. घड्याळात बारा झाले आणि बेल वाजली. बाईंना हे पसंत पडलं. माणूस उंच, लालबुंद, हातात पांढऱ्या जाड मुळ्यांची जुडी. ही म्हणे इथली मे महिन्यातली खास भाजी, श्पार्गल. बाईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, वास घेतला, आणि मराठीत म्हणाल्या की याला थोडं ऊन मिळालं असतं तर हिरवं झालं असतं बिचारं. यशोधनने याचा अनुवाद, आई आभार मानतेय, असा केला.

जेवण सुरू झालं. शेलारांनी काट्याने पुरीला टोचलं, पुरीतून वाफ गेली, ते दचकले आणि मग जेवायला लागले. इप्सू पुऱ्या तळायला स्वयंपाकघरात होती, यशोधन तिला लाटून देत होता. बाई वाढत होत्या. त्यांनी पुरी पुढे केली. शेलार म्हणाले, डांक. एवढा शब्द बाईंना येत होता, दुकानात, बसमध्ये सगळीकडे तोच ऐकू यायचा. डांक म्हणजे आभार. माणूस आभार मानतोय म्हटल्यावर त्यांनी पुरी वाढली. शेलारांनी ती संपवली. ताट रिकामं दिसताच बाईंनी भात पुढे केला. डांक, शेलार म्हणाले. बाईंनी भात वाढला. शेलार एक क्षण भाताकडे बघत राहिले आणि तोही त्यांनी संपवला, कारण त्यांच्या आईने त्यांना ताटात टाकायचं नाही असं शिकवलं होतं. आणि रिकाम्या ताटासमोर नुसतं उभं राहायचं नाही असं मनोरमाबाईंना त्यांच्या आईने शिकवलं होतं. भाजी, डांक. पुन्हा पुरी, डांक. या माणसाची भूक बघून बाईंचा ऊर भरून आला. सुनेला छळत असेल, पण खातो मात्र माणसासारखा, असं त्यांच्या मनात आलं.

इप्सू पुऱ्यांचा पुढचा घाणा घेऊन बाहेर आली तेव्हा शेलारांचा चेहरा बिटासारखा झाला होता, त्यांनी कोटाचं बटण सोडलं होतं आणि ते भात घेऊन पुढे येणाऱ्या डावाकडे शिकारी मागे लागलेल्या प्राण्यासारखे पाहत होते. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, तिला सगळं एकदम कळलं, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती खळखळून हसली.

"अहो आई, ते नको म्हणतायत. वाढताना डांक म्हटलं की इथे त्याचा अर्थ नको असा होतो."

"मग नको म्हणायला यांची जीभ झिजते का? आभार कसले मानतात?"

तिने हे साहेबांना सांगितलं. जीभ झिजण्याचंही सांगितलं, हे बाईंना नंतर कळलं. शेलारही हसले, हसताना त्यांना धाप लागली. त्यांनी विचारलं की मग तुमच्याकडे नको कसं म्हणतात. बाईंनी त्यांचा हात धरला आणि ताटावर आडवा ठेवला. असं, पुरे. हा आडवा हात बघितला की आमच्याकडे ब्रह्मांडातली बाई पुढे वाढत नाही. शेलारांनी तो धडा इतक्या मनापासून घेतला की हात ताटावरून काढलाच नाही.

मग श्रीखंड आलं. केशराचा वास सुटला. बाईंनी पातेलं समोर ठेवलं, शेलारांनी चव म्हणून चमच्याच्या टोकाने थोडं घेतलं, त्यांचे डोळे मिटले आणि ते स्वतःशीच काहीतरी पुटपुटले. त्यांना हवं होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण हात होता तिथेच. ताटावर आडवा.

"आता का धरलाय?" बाई म्हणाल्या. "पातेलं भरलेलं, याला खायचंय, आणि यानेच हात आडवा घातलाय. भातासाठी धरलेला हात श्रीखंडाला काढायचा असतो, एवढं सांग गं त्याला."

इप्सूने सांगितलं नाही. ती पातेल्याकडे बघत होती, मग हाताकडे, मग पुन्हा पातेल्याकडे. पुरीचं ताट तिने टेबलाच्या कडेला अर्धवट ठेवलं, यशोधनने ते वेळेवर धरलं. ती आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. बाईंना वाटलं, साहेबासमोर जेवताना यंत्र काढणं हे काही शोभत नाही. पण सुनेच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांनी आजवर तिच्यात पाहिलं नव्हतं, म्हणून त्या गप्प बसल्या. त्यांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती.

इप्सू ऑफिसच्या मशीनशी जोडली जाईपर्यंत तिने सासूला मराठीत आणि साहेबाला जर्मनमध्ये सांगायला सुरुवात केली होती, एक वाक्य यांना, एक त्यांना. नवे पाहुणे तिने एकेक करून घडवले नव्हते. आधीच एक साचा तयार होता, चकलीच्या साच्यासारखा, त्यातून ते पाडले होते. पाहुण्याने जागा किती मागायची तो आकडा तिने प्रत्येकासाठी वाढवला होता. पण त्याशिवाय आणखी एक जागा असते, दुसऱ्या पानावर, जिथे यजमानाला सांगून ठेवता येतं की हा पाहुणा काहीही मागो, याला एवढ्याच्या वर द्यायचं नाही. मर्यादा. ती तिने कुणालाच घातली नव्हती, म्हणून तिने ते पान उघडलंच नव्हतं. आणि साचा तर साहेबांचा. साहेबांचा साचा कशाला तपासायचा, असं तिला वाटलं होतं.

पान उघडलं. हिशोबाचा कारभार सांभाळणारा एक पाहुणा, ज्याच्यापायी सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं, त्याच्या नावासमोर मर्यादेचा आकडा होता. इतका लहान की त्यात त्याची चटणी-कोशिंबीरही बसली नसती. तिने दुसऱ्या पाहुण्याचं पान उघडलं. तोच आकडा. तिसऱ्याचं, तोच. साच्यातून पडलेल्या प्रत्येकाच्या ताटावर जन्मतःच हात आडवा घातलेला. यजमानाची घरभर जागा रिकामी होती, पाहुणे उपाशी होते, आणि यजमान बिचारा सांगितल्याबरहुकूम त्यांचं सामान केलरमध्ये नेत होता.

शेलारांचा हात ताटावरून निघाला. त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली.

इप्सूने विचारलं, काढू का. आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत म्हणाली की काढतेच. बाईंना जर्मन येत नव्हती, पण विचारणं आणि सांगणं यांतला फरक कुठल्याही भाषेत ऐकू येतो. तिने हिशोबाच्या पाहुण्याची मर्यादा पुसून टाकली आणि त्याला एक जुना जमाखर्च उघडायला लावला.

काही झालं नाही. पडदा होता तसाच, चक्र फिरत राहिलं. यशोधन तळव्याने टेबल पुसत बसला. शेलारांनी मान हलवायला सुरुवात केली, आणि त्यांचा हात सवयीने परत ताटाकडे निघाला. पण इप्सू पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, थांबा. हात काढला तरी सामान अजून खालीच आहे. आता ते एकेक करून वर येतंय.

हे मात्र त्या टेबलाभोवती मनोरमाबाईंइतकं कुणालाच कळलं नसेल. चार जिने. पहिली खेप नेहमी जीव काढते. त्यांनी शेलारांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना ताटाकडे वळवलं, यजमानीण जशी वळवते तसं, आणि त्यांच्या ताटात श्रीखंड वाढलं. खा, म्हणाल्या, येतंय ते.

जमाखर्च उघडला. इप्सूने तो बंद केला आणि पुन्हा उघडायला लावला. यावेळी बोट बटणावरून उचलायच्या आत तो पडद्यावर होता. तिने दुसरा उघडला, तिसरा उघडला. गिऱ्हाइकाने चहा पिऊन यावं इतका वेळ घेणारी पानं आता पत्ते टाकावेत तशी पडत होती. तिने पुढच्या पाहुण्याचा हात काढला, मग त्याच्या पुढच्याचा. पडद्यावर एक तांबडी रेघ होती, केलरमध्ये किती सामान आहे ते दाखवणारी, ती उतरायला लागली. ती रेघ बाईंनाही वाचता आली. फुगेही परत बसवायचे, असं इप्सूने साहेबाला सांगितलं. यावेळी हळूच नाही.

शेलारांनी त्या लहान आकड्यावर बोट ठेवलं. ते दोन-तीन वाक्यं बोलले आणि इप्सू एकदम सरळ बसली. काय म्हणाले, बाईंनी विचारलं. ती म्हणाली, तो साचा त्यांनी स्वतः केला होता. जुनं मशीन फार लहान होतं, तेव्हा एकाच पाहुण्याने सगळं ओरपू नये म्हणून त्यांनी ही मर्यादा घातली. मग नवं मशीन आलं, मोठं, आणि मर्यादा घातलीय हेच ते विसरले.

बाईंनी शेलारांना नीट न्याहाळलं. मोठा माणूस आपली चूक ताटावर बसून, सगळ्यांसमोर, स्वतः सांगतो. म्हणजे पाणी चांगलं होतं.

"सांग त्याला," त्या म्हणाल्या, "यजमानाची मेमरी आमच्याही घरात अशीच आहे. आणि तू पण ऐक. साहेबाचा साचासुद्धा उघडून बघायचा असतो."

"आणि तुमचा मिसळणाचा डबा?" इप्सूने विचारलं.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण ही पोर उलट बोलण्याची ही पहिलीच वेळ. मनोरमाबाईंनी डाव पातेल्यात ठेवला, सुनेकडे पाहिलं आणि आतल्या आत इतक्या खूश झाल्या की तोंड वाकडं करायला त्यांना जोर लावावा लागला.

"डबा सोडून," त्या म्हणाल्या.

सोमवारी गिऱ्हाईक आलं, तीन माणसं, तिघांच्याही कपाळावर आठ्या. त्यांनी सगळे पाहुणे उलटेसुलटे तपासले आणि आठ्या कंपनीतच ठेवून गेले. जाण्याआधी त्यांनी विचारलं की दोष नेमका काय होता, आणि शेलारांनी भर बैठकीत उभं राहून सांगितलं की दोष माझ्या साच्यात होता आणि तो फ्राऊ ईप्सिता यांनी काढला. मग त्यांनी तिला खोलीत बोलावून सांगितलं की प्रोबेत्साइट आजपासून संपली, आणि ते मशीन, त्यातल्या पाहुण्यांसकट, इथून पुढे तुझ्या ताब्यात. माझ्यासकट कुणालाही त्यात बोट घालायचं असेल तर आधी तुला विचारायचं. इप्सूने हे बाहेर येऊन जिन्यातूनच फोनवर सांगितलं. फोन बाईंनी घेतला होता. त्यांनी ऐकलं, बरं म्हणाल्या, येताना क्वार्क घेऊन ये म्हणाल्या, आणि फोन ठेवल्यावर बाल्कनीत जाऊन समोरच्या बिल्डिंगकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तीही त्यांनीच जिंकली होती.

मिरजेला फोन लावून त्यांनी जावेला सगळी हकिकत ऐकवली. तीत फुगे होते, यजमान होता, केलर होतं, आणि सगळ्यांत मोठ्या जागी श्रीखंड होतं. सुनेने काय केलं ते त्यांनी कमी सांगितलं नाही, तिखटमीठ लावूनच सांगितलं. फक्त पातेलं तिच्यासमोर आणून कुणी ठेवलं हे विसरू दिलं नाही. जावेने विचारलं की एवढी हुशार सून, मग आता तुमचं ऐकते का. बाई म्हणाल्या, न ऐकायला लागलीय, म्हणून तर फोन केला.

त्यांची परतीची वेळ आली त्याच्या आदल्या रविवारी शेलार पुन्हा जेवायला आले. यावेळी इप्सूने बोलावलं होतं, आणि त्यांनी कोट आणलाच नव्हता. भात झाला, भाजी झाली, पुरीच्या वेळी त्यांनी हात आडवा धरला आणि बाई मागे सरल्या. मग पातेलं आलं. शेलारांनी ते पाहिलं, हात ताटावरून उचलला, मांडीवर ठेवला, आठवडाभर यशोधनकडून घोटून घेतलेला शब्द जिभेवर जुळवला आणि छाती पुढे काढून म्हणाले,

"वाढा."